ठिगळ कुणी लावायचं?

भोगीला महाराष्ट्रात मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते. त्याच दिवशी पहाटे तमिळनाडूत दारापुढे जुनंपानं जाळतात: फाटक्या चटया, मोडक्या टोपल्या, विटके कपडे. घर झाडून निघावं आणि पोंगलला नव्याला जागा व्हावी, हा त्यामागचा भाव. पूर्वी त्या आगीत सूत, बांबू, गवत जळायचं. आता पॉलिएस्टर जळतं आणि त्याचा धूर घशात बसतो. टायर, प्लास्टिक, कृत्रिम धाग्याचे कपडे जाळू नका, असं आवाहन राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ भोगीच्या तोंडावर करत असतं. मग जुन्या कपड्याचं करायचं काय, हा प्रश्न घरात येऊन पडतो.

सतराव्या शतकात एकोजीराजांच्या मागोमाग तंजावरला आलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तिथे आहेत. अशाच एका घरातला हा संवाद. आत्या निवृत्त शिक्षिका. शाळेत इतर विषयांबरोबर शिवणही शिकवायच्या. भाची दोनशेवर किलोमीटर पश्चिमेला, तिरुप्पूरच्या एका निर्यात कारखान्यात कापडाची गुणवत्ता तपासते. पोंगलच्या सुटीत ती घरी आली आहे. दोघी कल्पित आहेत, वाद मात्र खरा आहे. त्यांची तंजावरी बोली मी इथे प्रमाण मराठीत आणली आहे.

भाची : आत्या, ही पिशवी टाकायला काढली होती. तुम्ही त्यातले मोजे परत बाहेर काढलेत.

आत्या : टाच गेलीय, बाकी मोजा धड आहे. तो गेलेला बल्ब दे इकडे, जुना, काचेचा. मोज्यात घातला की टाच पायावर बसते तशी ताणून बसते. आता बघ. भोकाच्या कडेला सुई घालायची नाही, तिथला धागा आधीच विरलेला असतो. अर्धा इंच मागे, जिथे वीण घट्ट आहे तिथून धावदोरा घालत यायचं, भोक ओलांडायचं, पलीकडेही अर्धा इंच धड विणीत जायचं. वळताना दोरा खेचायचा नाही, बारीकसा फास सैल सोडायचा. धुतल्यावर दोरा आटतो. सैल नसला तर सगळं चुणून येतं. उभे दोरे भरले की आडवा दोरा, एकावरून आणि एकाखालून. गाठ कुठेही नाही. टाचेखाली गाठ आली की पायाला फोड येतो.

भाची : दोरा एवढा मऊ कशाला? नायलॉनचा घ्या, पुन्हा फाटणार नाही.

आत्या : नायलॉनचा दोरा टिकेल आणि शेजारची वीण कापत जाईल. दोरा कापडाहून बळकट घ्यायचा नसतो. त्याच जातीचा, त्याच जाडीचा घ्यायचा. सदरा असेल तर त्याच्याच आतल्या शिवणीतून धागा ओढून काढायचा, म्हणजे रंगही जुळतो.

भाची : हे पटलं. आमच्याकडेही मशीनची सुई जाड किंवा टोकदार पडली तर निटच्या कापडाचे फास तुटतात. शिवण शाबूत आणि तिच्या कडेने भोकांची रांग. निर्यातीचा आख्खा लॉट त्यावर नापास होतो. पण आत्या, मुद्दा तो नाही. हा साठ रुपयांचा मोजा आहे आणि तुम्ही त्यावर पाऊण तास घालणार. त्या पाऊण तासाची किंमत तुमच्या हिशेबात कुठेच नाही. आजीचीही नव्हती. दिवसभर स्वयंपाक, धुणं, सोवळं-ओवळं, आणि रात्री सगळे झोपले की दिव्याखाली बसून आजोबांच्या सदऱ्याची झिजलेली कॉलर उसवायची, उलटवायची, परत लावायची. आजोबांनी आयुष्यात सुई धरली नाही. या कामाला काटकसर असं चांगलं नाव देऊन आपण ते बायकांच्या अंगावर टाकलं. गांधीजी यंत्रांवर एवढे नाराज, पण शिवणयंत्राला त्यांनीही अपवाद केला होता, कारण बाईचे कष्ट वाचवायला ते यंत्र आलं असं ते मानत.

आत्या : खरं आहे तुझं. शाळेतही शिवणाच्या तासाला मुली वर्गात आणि मुलगे मैदानावर. पण त्यात सुईचा दोष काय? दोष वाटणीचा. स्वयंपाक बाईवरच पडला म्हणून आपण घरी जेवण करायचं सोडलं नाही. मुलग्यांनाही कुकर लावायला शिकवलं. तुझ्या भावाला बटण लावता येत नाही, टीप घालता येत नाही. ते त्याला शिकवायचं, की बटण तुटलं म्हणून शर्ट टाकायचा?

भाची : बटणापर्यंत मान्य. पण ठिगळाला दुसरी बाजू आहे, ती आपल्यासारख्या घरांना दिसत नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या बायकांना लुगडं नेसण्याची पद्धत बदला, जातीची खूण सांगणारे दागिने टाका असं सांगितलं, आणि बायकांनी ते तिथल्या तिथे मनावर घेतलं. माणूस काय नेसतो यावर त्याला कुठे बसवायचं, किती लांब उभं करायचं हे ठरत होतं. ज्यांच्या अंगावर पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांनी टाकलेलं फाटकंच आलं, त्यांना ठिगळाचं कौतुक आपण सांगायचं? माझ्या लाईनवर तंजावर, तिरुवारूरकडच्या खेड्यांतल्या मुली आहेत. पहिल्या पगारातून त्या स्वतःसाठी नवा चुडीदार घेतात. त्यांच्यासमोर तुम्ही रफूचं गुणगान करू शकाल?

आत्या : त्यांच्यासमोर करणार नाही. नवं कापड घेण्याचा त्यांचा हक्क आपल्याइतकाच, थोडा जास्तच. पण त्या मुलीने पहिल्या पगारातून घेतलेला चुडीदार चार महिन्यांत काखेत उसवला तर ती फसवली गेली की नाही? आणि तो उसवलेला सांधा तिला पाच मिनिटांत धरता आला तर तिचा मान कमी होतो की तिचे पैसे वाचतात? सक्तीचं ठिगळ आणि आपण होऊन घातलेला टाका यांत फरक आहे. आपल्याच गावात बघ. रथाला लावायचे तोंबै शिवतात ना, ते लांब गोल झुंबरासारखे? रंगीत कापडाचे तुकडे कापून दुसऱ्या कापडावर टाचायचे, एवढंच ते काम. ते देवाच्या रथावर चढतं. कापडावर कापड लावण्यात लाज नाही. दुसरा पर्यायच नसण्यात आहे.

भाची : पण तुमच्या वेळचं कापड शिवून घेण्यासारखं होतं.

आत्या : होतं, आणि ते कसं वापरायचं याची रीतही होती. मुलीचं पावाडै शिवताना खाली दोन-तीन चुण्या आत घालून ठेवायच्या. ती वाढली की एकेक चूण उसवायची. परकर तीन वर्षं पुरायचा. नऊवारी बसण्याच्या जागी विरलं की तिथे कापायचं, दोन्ही तुकड्यांची टोकं फिरवून धड बाजू एकमेकींना जोडायची. झाला दांड. विरलेले भाग टोकांना जातात आणि जोड निऱ्यांत लपतो. चादर मधोमध झिरझिरीत झाली की तशीच उभी फाडायची आणि काठ मध्ये आणायचे. वेष्टी, म्हणजे धोतर, विरली की तिचा पंचा, पंच्याचं बाळाचं दुपटं, दुपट्याचं गाळणं, आणि शेवटी समईची वात. पूजेला मात्र फाटकं किंवा शिवलेलं वस्त्र चालत नसे, म्हणून सोवळ्याचं वस्त्र आधी बाहेर पडायचं आणि घरच्या वापरात यायचं. जरीची साडी अगदीच गेली तर दारावर येणारा ती जरीतल्या चांदीसाठी विकत घ्यायचा. त्यात भोगीला जाळायला फारसं काही उरतच नसे.

भाची : हेच तर म्हणते मी. ते सगळं सूत आणि रेशीम होतं, विणलेलं होतं, ताणा-बाणा हाताला लागत होता. आताच्या टी-शर्टात पंच्याण्णव टक्के सूत आणि पाच टक्के इलास्टेन असतं. इलास्टेन आधी मरतं आणि कापड ढगळ पडतं. ते कुठल्या रफूने परत येणार? घरच्या सुईला त्या कापडावर इलाज नाही. जबाबदारी कापड बनवणाऱ्याची आहे. तुम्ही ती घरात आणून ठेवता आणि बनवणारा मोकळा सुटतो.

आत्या : बनवणारा मोकळा सुटू नये असंच मलाही वाटतं. तुमच्या नोय्यल नदीचं पाणी शेवटी इकडेच येतं.

भाची : नोय्यलचं मी नाकारत नाही. तिरुप्पूरच्या रंगाई कारखान्यांनी वर्षानुवर्षं मीठ आणि रंग त्या नदीत सोडले. १९९२ साली शेतीसाठी ओरत्तुपाळयमचं धरण झालं आणि त्यात सांडपाणीच साचलं. शेतकरी कोर्टात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगाईची सुमारे सातशे युनिट्स बंद करायला लावली. शून्य विसर्गाची यंत्रणा बसवा, पाणी शुद्ध करून परत वापरा, मगच चालू करा. हजारो लोकांचं काम थांबलं, पण त्यानंतर यंत्रणा बसल्या. हे कुणाच्या रफूमुळे झालं नाही, आत्या. शेतकऱ्यांच्या खटल्यामुळे झालं.

आत्या : आणि शेतकऱ्यांनी खटला का भरला? पाणी त्यांनी रोज हाताळलं म्हणून. विहिरीला चव कशी आली, पीक कुठे करपलं, हे त्यांना दिसत होतं. नोय्यल कावेरीला मिळते, कावेरी कल्लणैच्या बंधाऱ्यापाशी येते, तिथून फुटलेला कालवा आपल्या गावातून जातो. नुकसान ज्याच्या हाताला लागतं तोच भांडतो. कपड्याचं नुकसान कुणाच्या हाताला लागतं? आपण फाटायच्या आधीच टाकतो. फाटलं तरी कुठे, कसं, का, हे न बघता टाकतो. जरा थांब, पिशवीतून तुझ्या भावाचे हे तीन टी-शर्ट काढते. ही बाजूची शिवण बघ. काखेतून सरळ निघते आणि खाली येईपर्यंत पोटावर वळलीय.

भाची : स्पायरॅलिटी. एकेरी जर्सीच्या सुतात पीळ जास्त राहिला आणि कापड नीट सेट केलं नाही, की धुतल्यावर ते फिरतं.

आत्या : आणि ही टाचणीएवढी भोकं? तिन्ही शर्टांना, तिन्हींना एकाच उंचीवर.

भाची : पॅन्टच्या बटणाच्या उंचीवर. बटण आणि कापड ओट्याला, टेबलाला घासतं. द्या बघू... हे १४० जीएसएमच्या आसपासचं असेल. म्हणजे चौरस मीटरला १४० ग्रॅम. त्याच जागी १८० चं कापड असतं तर ही भोकं इतक्या लवकर पडली नसती. एका टी-शर्टाला साधारण चौरस मीटरभर कापड लागतं. फरक चाळीसेक ग्रॅम सुताचा.

आत्या : मग चाळीस ग्रॅम कुठे गेले?

भाची : भावात. खरेदीदार भाव ठरवून येतो. त्या भावात बसवायचं तर कुठेतरी कापावं लागतं. सूत कापायचं, शिवणीची रुंदी कापायची, नाहीतर मजुरी. मजुरी कापायच्या वाटा तर तुम्हाला माहीत आहेत. आमच्याकडच्या सूतगिरण्यांमध्ये ‘सुमंगली’ नावाने योजना चालायच्या: लग्नासाठी शेवटी एकरकमी पैसे देऊ म्हणून कोवळ्या मुलींना तीन-तीन वर्षं राबवून घ्यायचं. त्यावर देशात-परदेशात टीका झाली.

आत्या : तुम्ही कारखान्यात हे कापड तपासता, तेव्हा ही भोकं दिसत नाहीत?

भाची : आम्ही आटण बघतो, रंग सुटतो का बघतो, गोळे येतात का, कापड दाबाने फुटतं का. काही धुलाया करतो. पण आमची तपासणी माल बोटीवर चढेपर्यंतची. दोन वर्षं वापरल्यावर कुठे भोक पडलं याची नोंद आमच्यापर्यंत कधीच येत नाही. एकाही खरेदीदाराने मला असा कागद दिलेला नाही. खरं सांगायचं तर हे तीन शर्ट एकत्र पाहिल्यावर मला जे कळलं ते आमच्या फाइलीत नाही.

आत्या : मी एवढंच म्हणते. मी जो मोजा रफू करते त्यातून साठ रुपये वाचतात हा त्यातला सगळ्यात लहान फायदा. मोठा फायदा हा की मोज्याची टाच का जाते हे मला ठाऊक आहे. पुढचा मोजा घेताना मी टाच उलटी करून बघते. दुकानदाराला विचारते. कापड उजेडात धरते. ज्याने कधी टाका घातला नाही तो फक्त रंग आणि भाव बघतो. अशी गिऱ्हाइकं सगळी झाली की चांगलं कापड बनवणाऱ्याला कारणच उरत नाही. कोडाली करुप्पूरचं काय झालं? कुंभकोणमजवळच्या त्या गावात तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारासाठी साड्या होत. विणताना जर भरायची, मग मेण आणि कलम घेऊन रंगकाम. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे वारस नसताना गेले, ईस्ट इंडिया कंपनीने राज्य खालसा केलं आणि हळूहळू ते कापड नाहीसं झालं. विणकरांचे हात एका दिवसात गेले नव्हते. ते कापड ओळखून मागणारे गेले.

भाची : दरबाराने मागितलं म्हणून उत्तम कापड झालं, हे खरं. पण दरबार एक होता. इथे कोट्यवधी गिऱ्हाइकं आहेत, प्रत्येकाने बल्ब घेऊन बसावं आणि त्यातून बाजार सुधारावा, हे मला भाबडं वाटतं. कायदा हवा. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०२३ पासून कपडा किंवा बूट दुरुस्त करून घेतला तर बिलात ६ ते २५ युरोंची सूट मिळू लागली. युरोपीय संघाने मोठ्या कंपन्यांना न खपलेले कपडे नष्ट करायला जुलै २०२६ पासून बंदी घातली. त्याच कायद्यात टिकाऊपणाच्या अटी येऊ घातल्या आहेत. आमच्या मालकांनी टिकाऊपणाची पहिली बैठक घेतली ती या कायद्यामुळे. दुरुस्तीचा खर्च उत्पादकाने उचलावा. रस्त्याकडेला मशीन मांडून बसणाऱ्या शिंप्याला त्यातून काम मिळावं. घरातल्या बाईची रात्र त्यात जाऊ नये.

आत्या : शिंप्याला काम मिळावं हे मला तुझ्याहून जास्त हवंय. चेन बदलणं, पॅन्टची बैठक बदलणं, निटची शिवण धरणं, हे त्याच्याकडेच जावं. त्याला मोबदला नीट मिळावा. पण कायद्यात ‘टिकाऊ’ म्हणजे किती हे कोण लिहिणार? बटणाच्या उंचीवर भोक पडतं हे त्या समितीला कोण सांगणार? ज्याने भोक पाहिलंय तोच. तुझा कायदा आणि माझी सुई एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. कायद्याला जी माहिती लागते ती सुईकडे आहे.

भाची : मग माझ्या दोन अटी. एक, हे घरातल्या प्रत्येकाने करायचं, मुलग्यांनीही, नाहीतर मी त्याला पाठिंबा देणार नाही. दोन, जे शिवण्यालायक नाही त्यावर वेळ घालायचा नाही. इलास्टेन मेलेलं कापड पुसायला घ्या आणि सोडा.

आत्या : पहिली अट मान्य. दुसरीला माझी एक पुस्ती. टाकण्याआधी ते का शिवण्यालायक नाही हे बघायचं, आणि पुढच्या वेळी तसलं घ्यायचं नाही. आणि तू हे तीन शर्ट घेऊन जा. तुमच्या त्या बैठकीत मांड.

भाची : नेईन. पण वेळेचा हिशेब मी सोडलेला नाही, आत्या. पाऊण तास हा पाऊण तासच असतो, आणि तो कुणाचा जातो हे मी विचारत राहणार.

आत्या : विचारायलाच हवं.

हा वाद इथे मिटत नाही, आणि मला तो मिटवायचाही नाही. वेळ कुणाचा जातो हा भाचीचा प्रश्न बाजूला ठेवून दुरुस्तीचं कौतुक करणं म्हणजे आजीच्या डोळ्यांचा हिशेब पुन्हा बुडवणं. पण आत्याचं म्हणणं मला अधिक दूरवर जाणारं वाटतं. घरात टाका घालणारा माणूस उरला नाही, तर कापड कुठे हरलं हे सांगणारा साक्षीदारच उरत नाही. मग कारखान्याला उत्तर मागणार कोण, आणि कशाच्या आधारावर?

म्हणून शाळेत शिवणाचा तास परत यावा, तो मुलग्यांनाही सक्तीचा असावा, आणि त्यात बटण, टीप, रफू आणि दांड एवढं तरी शिकवलं जावं. कपड्याच्या लेबलवर धुण्याच्या सूचनांबरोबर कापडाचं वजन छापलं जावं. उत्पादकाने प्रत्येक कपड्याबरोबर त्याच जातीचा हातभर दोरा द्यावा. जादा बटण ते आजही देतात. गल्लीतल्या शिंप्याला दुरुस्तीचे पैसे देताना आपण घासाघीस थांबवावी. यातलं काहीही अवघड नाही. फाटलेला कपडा टाकण्याआधी तो एकदा उजेडात धरून नीट बघणं, इतकं तर आपल्यापैकी प्रत्येकाला याच आठवड्यात जमेल.